वेलांट्यांना जागा हवी

दिवाळी अंकाची पानं लावायला बसलं की मी सगळ्यांत आधी ओळींमधलं अंतर ठरवते. मथळा, चित्र, चौकटी नंतर. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकलेलं असतं, पण त्याचा पसारा रेषेच्या वरही असतो. ‘मूर्तींच्या’ हा एकच शब्द घ्या: खाली ऊकार, वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार. त्याच्या वरच्या ओळीत नेमका ‘वृद्ध’ आला की दोन ओळी एकमेकींना टेकतात आणि वाचणारा अडखळतो. इंग्रजी मजकूर ११ पॉइंटला १३-१४च्या अंतरात सुखाने वाचता येतो. मराठीत १२ पॉइंटला मी १७च्या खाली उतरत नाही.

भांडण इथेच होतं. कथा चार पानांत बसवायची असते आणि शेवटी सात ओळी उरतात. ऑपरेटर विचारतो, “ताई, अर्धा पॉइंट कमी करू? कुणाला कळणारपण नाही.” आकडा कुणाला कळत नाही हे खरं, पण डोळे दमतात आणि वाचक तिसऱ्या पानावर अंक मिटतो. मी चित्र लहान करते, नाहीतर संपादकांकडून सात ओळी कापून घेते.

आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरं नाहीत. अक्षरं फाकवून मथळा ऐसपैस करावा, तर शिरोरेषा तुटते. त्यामुळे लहानमोठेपणा दाखवायला हाताशी उरतात आकार, ठळकपणा आणि कोरी जागा. त्यातल्या कोऱ्या जागेवर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे. उपशीर्षकाच्या वर दोन भाग जागा सोडली आणि खाली एकच, तर ते कोणत्या परिच्छेदाचं हे सांगावं लागत नाही. वरखाली सारखीच जागा ठेवली की ते दोन्हींच्या मध्ये पोरकं उभं राहतं.

कॉलम अरुंद असेल तर उजवी कड सरळ करण्याचा हट्ट मी धरत नाही. मराठी प्रत्यय जोडून लिहिते. ‘विद्यार्थ्यांबरोबरच्या’सारखा शब्द पुढच्या ओळीत गेला की मागे उरलेले तीन शब्द ताणले जातात आणि कॉलमभर पांढरे ओघळ दिसू लागतात. कविता मधोमध लावण्याची पद्धतही मला पटत नाही. प्रत्येक ओळ कुठे सुरू होते ते डोळ्याला दर वेळी नव्याने शोधावं लागतं. कविता डाव्या कडेला, आणि उजवीकडे पान रिकामं दिसलं तर दिसू द्यावं.

पान लागलं की ते खऱ्या आकारात छापून घेते. स्क्रीनवर मोठं करून पाहिलेलं पान फसवतं. समोरासमोरची दोन्ही पानं भिंतीला लावायची, पण उलटी. आता मजकूर वाचता येत नाही, नुसते काळे-करडे ठोकळे दिसतात. काल नजर आधी सराफाच्या जाहिरातीवर गेली, मग कथेच्या चित्रावर, आणि मथळा तिसरा. जाहिरातीची जागा ठरलेली, ती हलत नाही. म्हणून चित्र डाव्या पानावर वर घेतलं, मथळा त्याच्या खाली चिकटवला, आणि ऑपरेटरला नवी प्रत काढायला सांगितली.