कायद्याचे भय आणि वैद्याची लेखणी

वसंत ऋतू, कफप्रधान तमकश्वासाचा बलवान रुग्ण, वमनास सर्वथा योग्य अवस्था. तरीही वैद्य चूर्ण-अवलेहावर त्याची बोळवण करतो. चिकित्सा त्यास ठाऊक नाही असे नव्हे. वेगकाली काही उपद्रव झाल्यास नातेवाईक नोटीस पाठवतील, ही शंका त्याचा हात धरते. गावोगावी पंचकर्म केंद्रांच्या पाट्या असूनही यथाविधी शोधन विरळ होत आहे, त्याचे हेही एक कारण असावे.

हे भय सर्वस्वी निराधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवेस ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणले. २००५ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने सांगितले की, फौजदारी दोषासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असला पाहिजे आणि कारवाईपूर्वी निष्पक्ष तज्ज्ञाचे मत घ्यावे. चिकित्सेस यश न येणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे.

नवी चिंता मात्र खास आपली आहे. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास जुन्या ३०४-अ कलमात सर्वांनाच कमाल दोन वर्षे कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षे झाली; वैद्यकीय प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकास तेवढी दोन वर्षांची मर्यादा राहिली. परंतु त्या कलमातील स्पष्टीकरण राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखालील अर्हता व नोंदणी मागते. आपली नोंदणी त्या कायद्याखाली होत नाही! शब्दशः वाचल्यास ही सवलत वैद्यास लाभत नाही. संघटनेने शासनाकडे याचा पाठपुरावा करावयास हवा.

वैद्यास दंड ही कल्पना आजची नव्हे. प्राणबाधा संभवणाऱ्या व्याधीची वर्दी न देता उपचार केले व रुग्ण दगावला, तर कौटिलीय अर्थशास्त्र वैद्यास दंड सांगते. सुश्रुताचार्य मूढगर्भात अधिपतीची अनुमती घेऊनच शस्त्रकर्म करावयास सांगतात. दोहोंचा रोख, आधी सांगा, हाच आहे. आज त्या सांगण्याला केसपेपरची जोड हवी: प्रकृती, बल, कोष्ठ, स्नेहपानाची प्रतिदिन मात्रा, वेगांची संख्या, दिलेला संसर्जनक्रम आणि रुग्णास समजेल अशा मराठीत घेतलेली संमती. दोन ओळींच्या चिठ्ठीवर न्यायालयात काहीच सिद्ध करता येत नाही.

औषधविक्रेतेही यातून सुटत नाहीत. वत्सनाभ, भल्लातक, पारद यांसारखी अनुसूची ई (१) मधील द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. अशा औषधाच्या बिलावर बॅच क्रमांक लिहावा आणि वैद्याच्या चिठ्ठीची प्रत दुकानी ठेवावी.