मेघसंग्रहातील कागदपत्रांचा नावावरून शोध

एखाद्या शाळेच्या कार्यालयात जुन्या निकालपत्रकाची प्रत हवी असते. ती क्लाउडमध्ये ठेवलेली आहे, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु संगणकावर नाव टंकित करताच ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर येते. कागद नष्ट झालेला नसतो. तो जागच्या जागी सुरक्षित असतो. तथापि ज्याला त्याची त्या दिवशी गरज आहे, त्याच्या दृष्टीने तो हरवल्यासारखाच होय. असे का घडते, हे समजण्यासाठी नावावरून फाइल शोधणारे साधन नेमके काय करते, ते पाहिले पाहिजे.

क्लाउड म्हणजे ढग. पण ह्या संग्रहात अधांतरी असे काहीच नाही. दूरच्या मोठ्या इमारतींतील असंख्य संगणकांच्या तबकड्यांवर ही कागदपत्रे साठवलेली असतात. घरच्या संगणकात फाइल अमुक कप्प्यात आहे असे म्हणता येते, आणि नाव हा जणू तिचा पत्ता असतो. मेघसंग्रहात नावाचे आणि जागेचे हे नाते सुटलेले असते. ग्रंथालयातील व्यवस्था येथे उपयोगी पडेल. एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींचे नाव एकच असते, परंतु दाखल क्रमांक मात्र निरनिराळे असतात. २०१२ साली सुरू झालेल्या गूगल ड्राइव्हमध्ये प्रत्येक फाइलला असाच एक स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो; म्हणून तेथे एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली सुखाने नांदू शकतात.

ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘एस-३’ ह्या संग्रहाची रीत वेगळी आहे. तेथे नाव हीच ओळख. पण कप्पे मुळात नाहीतच. ‘निकाल/२०१९/दहावी’ ह्या नावातील तिरपी रेघ हीसुद्धा नावातलेच एक चिन्ह असते. नावाची कमाल लांबी १,०२४ बाइट इतकी ठरलेली आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो की मात्रा, तीन बाइट लागतात; म्हणजे सुमारे ३४१ चिन्हांत नाव बसवावे लागते. ह्या संग्रहाकडे नावांची यादी मागितली असता एका खेपेस जास्तीत जास्त १,००० नावे क्रमवार मिळतात. नावाचा आरंभ ठाऊक असेल तर तेवढाच भाग मागता येतो आणि काम त्वरित होते. परंतु नावाच्या मधलाच शब्द आठवत असेल, तर सर्व यादी चाळण्यावाचून गत्यंतर नाही. दहा लाख नावांसाठी अशा १,००० खेपा होतात!

म्हणूनच शोधसाधन स्वतःची निराळी सूची बांधते. नावे क्रमाने लावलेली असली, की यादीच्या मध्यावर पाहावयाचे, हवे ते नाव अलीकडे की पलीकडे हे ठरवावयाचे आणि उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा तेच करावयाचे. ह्या रीतीने एक कोटी नावांतून हवे ते नाव अधिकात अधिक २४ तुलनांत हाती येते. पण ह्यातही आरंभ ठाऊक असणे आवश्यकच आहे. गूगल ड्राइव्हच्या प्रोग्रॅमकारांसाठी असलेल्या नियमांत ह्याचे स्पष्ट उदाहरण आहे: ‘हॅलोवर्ल्ड’ असे सलग नाव ‘हॅलो’ म्हणून शोधल्यास मिळते, ‘वर्ल्ड’ म्हणून शोधल्यास मिळत नाही. दोन शब्दांत जागा सोडणे ही केवळ टापटीप नव्हे, हे ह्यावरून ध्यानात येईल.

नावाचा मधला भागही सापडावा, अशी इच्छा असेल तर नावाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करतात. ‘नगरपालिका’ ह्या शब्दाचे ‘नगर’, ‘गरपा’, ‘रपालि’ आणि ‘पालिका’ असे चार तुकडे होतात. प्रत्येक तुकडा कोणकोणत्या नावांत आला आहे, ह्याची नोंद सूचीत ठेवली की ‘पालिका’ एवढ्यावरूनही मूळ नाव निघते. अर्थात सूची बरीच फुगते. सोयीची किंमत जागेच्या रूपाने द्यावी लागते.

सूचीचा दुसरा दोष असा, की ती मागे पडू शकते. युनिक्स संगणकांवरील ‘लोकेट’ ह्या साधनाची पद्धत जेम्स वुड्स ह्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. मागील नावाशी जितकी अक्षरे जुळतात तितकी पुन्हा न लिहिता केवळ त्यांची संख्या नोंदवावयाची, ह्या युक्तीने तिची यादी फार आटोपशीर होते. पण ती ठरावीक वेळीच तयार केली जाते. मधल्या काळात जन्मलेली फाइल तिला ठाऊकच नसते. एस-३ मध्येही नुकतीच ठेवलेली वस्तू यादीत काही क्षण न दिसण्याचा संभव असे. डिसेंबर २०२० पासून ही उणीव दूर झाली आहे.

मराठी नावांत आणखी एक अडचण उद्भवते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ‘दुसऱ्या सत्राचा निकाल’ ह्यातील ‘ऱ्या’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येते. कोणी ‘ऱ’ हे एकच चिन्ह वापरतो, तर कोणी ‘र’ला खाली नुक्ता जोडतो, कोणी साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावतो. पडद्यावर रूप सारखेच दिसले, तरी यंत्र संकेतांची तुलना करते आणि दोन्ही नावे भिन्न ठरवते. पहिल्या दोन प्रकारांचे एकीकरण युनिकोडच्या नियमांनी होते. तिसऱ्याची व्यवस्था साधन बनविणाऱ्याने स्वतंत्रपणे केली पाहिजे. देवनागरी ‘५’ आणि रोमन अंकमालेतील पाच ह्यांचेही तसेच. भारतीय भाषांसाठी साधन निवडताना ही परीक्षा प्रथम घ्यावी.

स्कॅनरने आपोआप दिलेली, केवळ क्रमांकांची नावे मात्र कोणत्याही सूचीला उपयोगी पडत नाहीत. त्यांत शोधण्याजोगा शब्दच नसतो. विषय, इयत्ता आणि दिनांक नावात लिहिणे थोडे कष्टाचे, पण उपयुक्त असते. दिनांकात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा आणि एकअंकी संख्येपूर्वी शून्य द्यावे, जसे २०२४-०३-०५. यंत्र नावे चिन्हागणिक लावते. शून्य नसेल तर दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो.