सुटीसाठी समुद्रकाठचे गाव निवडताना
कॅम्प चार, अंबरनाथ, बदलापूरकरांनी अंतर, भरती आणि सोबतची माणसे पाहून ठरवावा बेत

दिवाळीची सुटी जवळ आली, की उल्हासनगर कॅम्प चारमधील मराठा सेक्शनपासून लालचक्कीपर्यंत अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. यंदा समुद्रावर जायचे, पण कोणत्या गावी? आजी-आजोबांना देवदर्शन हवे असते, तरुणांना बोटीतून किल्ला पाहायचा असतो, मुलांना वाळू पुरते आणि घरातील गृहिणीला दोन दिवस स्वयंपाकघरातून सुटका हवी असते. चर्चेच्या शेवटी बहुधा अलिबागचे नाव निघते, कारण ते सर्वांच्या ओळखीचे आहे. अलिबाग वाईट नाही. परंतु महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा लाभला असताना सर्वांनी एकाच पुळणीवर गर्दी करावी, हे काही शहाणपणाचे नव्हे.

गाव निवडण्याची ही अडचण इंग्लंडमधील कुटुंबांनी फार पूर्वी अनुभवली आहे. सुटी म्हणजे समुद्रकाठ हे समीकरण प्रथम रूढ झाले ते तेथेच. अठराव्या शतकाच्या मध्यास डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याचे औषधी गुण सांगितले आणि ब्रायटन या मासेमाऱ्यांच्या गावी श्रीमंतांची रीघ लागली. १८४१ मध्ये तेथे लंडनहून रेल्वे पोहोचली आणि श्रीमंतांचे गाव सर्वांचे झाले. १८४६ मध्ये रेल्वे ब्लॅकपूलला गेली. लँकेशायरमधील कापड गिरण्या गावागावाने ठरलेल्या आठवड्यात बंद राहत आणि अख्खे गिरणगाव ब्लॅकपूलच्या गाडीत बसे. तेथील कामगार कुटुंबाला निवडीचा फारसा विचार करावा लागत नसे. ज्या गावापर्यंत रेल्वे, त्या गावी सुटी, असा साधा हिशेब होता.

कोकणात नेमका हाच हिशेब चुकतो. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला खरा, पण तो बहुतांशी किनाऱ्यापासून आत, डोंगरांच्या आडून जातो. दिवेआगर, श्रीवर्धनसाठी माणगावला, दापोलीसाठी खेडला, गुहागरसाठी चिपळूणला आणि मालवणसाठी कुडाळला उतरावे लागते. त्यानंतर पंचवीस ते पंचेचाळीस किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता उरतोच. गाडीचे तिकीट स्वस्तात मिळाले म्हणून आनंदलेले सहा-सात जणांचे कुटुंब स्थानकाबाहेर आले, की खासगी गाडीचा दर ऐकून गप्प होते. म्हणून कोकणातील गाव निवडताना रेल्वे कोठपर्यंत जाते, यापेक्षा स्थानकापासून पुढे एसटी आहे का आणि शेवटची किती वाजता आहे, हे आधी विचारावे.

या नियमाला ठळक अपवाद पालघर जिल्ह्याचा. पश्चिम रेल्वे तेथे किनाऱ्याला बऱ्यापैकी लगटून धावते. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत गेल्यापासून केळवे आणि डहाणू ही गावे लोकलच्या तिकिटात आली. विठ्ठलवाडी किंवा अंबरनाथहून निघालेल्या प्रवाशाला दादरला जाऊन उलटे येण्याचीही गरज नाही. दिवा-वसई मार्गावरील गाडीने वसई रोड गाठावे आणि तेथून डहाणूची लोकल धरावी. या गाड्या संख्येने मोजक्याच असल्याने वेळापत्रक पाहूनच घर सोडावे, एवढे पथ्य पाळावे लागते. केळवे रोड स्थानकापासून समुद्र सात किलोमीटरच्या आसपास असून रिक्षा मिळतात. सुरूचे बन, शीतलादेवीचे देऊळ आणि सपाट वाळू, एवढेच तेथे आहे. पण लहान मुले व वृद्ध सोबत असतील तर तेवढे पुरेसे होते. घोलवडला उतरून बोर्डीला गेल्यास चिकूच्या वाड्या लागतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. स्वतःचे वाहन नसलेल्या आणि एकच मुक्काम करू शकणाऱ्या कुटुंबाला याहून सोयीचे ठिकाण सापडणे कठीण. तरीही उल्हासनगरकर तिकडे फारसे वळत नाहीत, हे नवलच म्हणायचे.

रस्त्याने जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. उल्हासनगरची वाहने सवयीने शिळफाटा किंवा खोणी-तळोजा मार्गे पनवेलला जातात आणि पुढे वडखळपर्यंतच्या वाहतुकीत अडकतात. बदलापूर व अंबरनाथकरांना दुसरी वाट मोकळी आहे. कर्जतवरून खोपोली, तेथून थेट पेणला उतरता येते. किंवा खोपोलीहून पालीमार्गे वाकणला मुंबई-गोवा महामार्गावर लागता येते. पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन वाटेतच होत असल्याने ज्येष्ठांची तक्रारही राहत नाही. महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रेंगाळलेले आहे, हे कोकणात जाणाऱ्या कोणालाही नव्याने सांगावयास नको. गुगलने दाखविलेल्या वेळेत दीड-दोन तासांची भर घालूनच बेत आखावा.

अंतरावरून दिवस ठरवावेत, दिवसांवरून गाव. एका मुक्कामासाठी अलिबाग, नागाव, काशीद, केळवे ही गावे ठीक. अलिबाग येथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. वाहन नसेल तर गेटवेहून मांडव्याची बोट सोयीची पडते. पावसाळ्यात ती बंद असते. वाहन न्यायचे असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला वाहने नेणारी मोठी बोट मार्च २०२० पासून उपलब्ध आहे. मात्र, कल्याणपलीकडच्या माणसाने त्यासाठी गाडी घेऊन दक्षिण मुंबईत जाणे म्हणजे द्राविडी प्राणायाम होय. दोन मुक्काम असतील तर दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा टापू उत्तम. तीन मुक्काम हाती असल्यास दापोलीजवळचे मुरूड, कर्दे, आंजर्ले किंवा गुहागर पाहावे. गणपतीपुळे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आणि मालवण-तारकर्ली पाचशेच्या घरात. तेथे चार दिवसांखालील सहल म्हणजे निम्मी सुटी प्रवासातच घालविणे.

येथे एक खबरदारी सांगणे आवश्यक आहे. मुरूड नावाची दोन गावे आहेत. एक रायगड जिल्ह्यातील जंजिऱ्याचे, दुसरे रत्नागिरी जिल्ह्यातील, महर्षी कर्वे यांचे. दोन्हीकडे समुद्र आहे, दोन्हीकडे घरगुती राहण्याची सोय आहे आणि दोहोंमध्ये काही तासांचे अंतर आहे. दूरध्वनीवरून खोली ठरविताना तालुक्याचे नाव विचारून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. गाव निवडताना लोक खोलीचा दर विचारतात, जेवण विचारतात, वातानुकूलन आहे का हेही विचारतात. पण समुद्राचा तळ कसा आहे हे क्वचितच कोणी विचारतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या बहुसंख्य कुटुंबांत पोहता येणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ज्यांना येते तेही नदीत किंवा तरणतलावात शिकलेले. समुद्राचे पाणी वेगळे असते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिरा येथे पुण्याहून सहलीस आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. दिवस पावसाळ्याचा नव्हता, वादळाचा नव्हता. तरणीताठी मुले होती.

किनाऱ्याचा उतार हा यातील पहिला घटक. दिवेआगर किंवा केळवे येथे पुळण सपाट असून पाणी हळूहळू खोल होत जाते. काशीद, गणपतीपुळे येथे दृश्य अधिक देखणे, परंतु उतार अंगावर येणारा. चार पावले पुढे गेल्यावर गुडघाभर पाणी छातीला लागते आणि परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते. हरिहरेश्वरला देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग खडकांवरून जातो. भरतीच्या वेळी तेथे उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह जिवावर बेतू शकतो.

दुसरा घटक भरती-ओहोटीचा. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते आणि या वेळा रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकतात. त्यामुळे गेल्या वर्षी चार वाजता पाणी शांत होते, हा अनुभव यंदा उपयोगाचा नाही. किनाऱ्यावरील जुन्या मंडळींचा एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजावी. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या परिसरात अर्धा-पाऊण तासाच्या फरकाने जुळतो. घरात पंचांग किंवा दिनदर्शिका असतेच, तेव्हा सहलीची तारीख ठरवितानाच तो करून पाहावा.

अलिबागचा कुलाबा किल्ला चालत जाऊन पाहावयाचा असेल, तर हे गणित अनिवार्य ठरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. त्या दिवसांत पाणी फार चढत नाही तसे फार उतरतही नाही. त्यामुळे दुपारी ओहोटी असूनही किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. त्या वेळी ओहोटीला वाळू दूरवर उघडी पडते, पण ओहोटी येते ती पहाटे आणि संध्याकाळी. द्वितीया-तृतीया त्या मानाने सोयीची. साडेसात ते साडेआठच्या दरम्यान पाणी पुरते उतरलेले असते आणि उन्हे चढण्यापूर्वी परत येता येते. परतण्यास उशीर झाला, तर चालत येण्याचा हट्ट न धरता बोट करावी. स्थानिक लोक नको म्हणाले, तर विषय तेथेच संपवावा.

तिसरा घटक पाण्याच्या ओढीचा. किनाऱ्यावर आलेले पाणी समुद्रात परत जाताना कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून वेगाने आत खेचले जाते. गंमत अशी, की त्या पट्ट्यात लाटा फुटत नसल्याने नवख्याला तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. त्यात सापडलेला माणूस किनाऱ्याच्या दिशेने जीव तोडून हात मारतो आणि थकून बुडतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर जात त्या पट्ट्याबाहेर पडावे, मग काठाकडे वळावे. ज्याला पोहता येत नाही त्याने गुडघ्यापलीकडे पाण्यात न जाणे, हाच उपाय. ब्रिटनमध्ये गर्दीच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक लाल-पिवळी निशाणे रोवतात आणि त्या दोन निशाणांच्या मध्येच पोहावे, असा दंडक आहे. आपल्याकडे काही मोजक्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले आढळतात. ठरविलेल्या गावी ते आहेत का, हे यजमानालाच विचारावे. चांगला यजमान या प्रश्नाने नाराज होत नाही.

राहण्या-जेवण्याच्या बाबतीत कोकणची घरगुती व्यवस्था कोणत्याही हॉटेलपेक्षा सरस, असे म्हणावयास हरकत नाही. नारळी-पोफळीच्या वाडीतील खोली, सकाळी आंबोळी किंवा घावन, दुपारी ताटात उकडीचा मोदक. मोदक मात्र आदल्या दिवशी सांगावे लागतात. दिवेआगर, आंजर्ले, गुहागर येथे अनेक घरांत फक्त शाकाहारी जेवण मिळते. मासळीसाठी कोळीवाड्याजवळच्या खानावळीत जावे लागते. दापोलीजवळ उतरलेल्यांनी हर्णै बंदरावरील मासळीचा लिलाव चुकवू नये. कॅम्प चारमधील सिंधी शेजाऱ्यांसोबत सहल निघणार असेल, तर ही चौकशी अधिकच आवश्यक, कारण एकाच घरात कोणाला मासळीवाचून घास उतरत नाही, तर कोणी अंड्यालाही शिवत नाही. या कुटुंबांतील जुन्या पिढीला समुद्र तसा परका नव्हताच. फाळणीपूर्वी कराचीतून आलेल्या अनेकांनी क्लिफ्टनची वाळू तुडविलेली होती.

रायगडच्या दक्षिण किनाऱ्यावर जाणाऱ्यांना एक बदल जाणवेल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर भागातील पोफळीच्या बागा जमीनदोस्त केल्या. पोफळीला फळ धरण्यास बरीच वर्षे लागतात. तोवर अनेक वाडीमालकांच्या संसाराचा भार पर्यटकांवर आहे. खोलीच्या दरात घासाघीस करताना हे ध्यानात असावे.

सुटीचा काळ निवडणे नेहमीच हाती नसते. ब्रिटिश कुटुंब ऑगस्टमध्ये समुद्रावर जाते. आपल्याकडे तोच महिना खवळलेल्या दर्याचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सुखाचा काळ असला, तरी २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा वगळावा. मेमध्ये उकाडा असह्य होतो आणि महिनाअखेरीस समुद्राची चाल बदलू लागते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. मालवणचा सिंधुदुर्ग पाहण्यासाठी जाणाऱ्या बोटीही पावसाळ्यात बंद असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीस बंदी असल्याने त्या काळात ताटातील सुरमई बर्फातली असण्याचा संभव अधिक. ज्यांची साप्ताहिक सुटी रविवारी नसते, अशा कारखान्यांतील कामगारांनी मात्र ही संधी समजावी. मधल्या वारी खोल्या स्वस्त आणि पुळण रिकामी असते.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. कोकणच्या गाड्यांसाठी ठाणे किंवा पनवेल, आणि सावंतवाडीच्या दिवसा धावणाऱ्या गाडीसाठी दिवा, ही स्थानके उल्हासनगरकरांना जवळची. एसटीच्या प्रवासात मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे पडते आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. तीन पिढ्यांचे कुटुंब विठ्ठलवाडी आगारातून एसटीने निघाले, तर खासगी गाडीच्या तुलनेत बरीच रक्कम वाचते. येतानाचे आरक्षण मात्र जातानाच्या तिकिटाबरोबरच करून ठेवावे. सुटीच्या शेवटच्या रविवारी कोकणातून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत आयत्या वेळी जागा मिळत नाही.