अ‍ॅपमध्ये लॉगिन होत नाही? पासवर्ड बदलण्याआधी हे वाचा

दूध संस्थेचं अ‍ॅप आल्यापासून फॅट, एसएनएफ आणि दहा दिवसांचं बिल मोबाईलवरच दिसतं. पण मागच्या महिन्यात एका सकाळी माझ्यासकट निम्म्या गावाचं लॉगिन बंद पडलं. कुणी चारचारदा पासवर्ड बदलला, कुणी अ‍ॅप काढून परत टाकलं. फरक काहीच नाही. स्क्रीनवर बारीक अक्षरात ‘सर्टिफिकेट’ हा शब्द होता, तो कुणी वाचलाच नव्हता. संस्थेने सर्व्हर बदलला होता आणि घोळ तिथं होता.

सर्व्हर म्हणजे आपला हिशेब जिथं साठवतात तो कॉम्प्युटर. आपला पासवर्ड पाठवण्याआधी फोन त्याच्याकडे ओळखीचा दाखला मागतो. तेच सर्टिफिकेट. रहिवासी दाखल्यावर ग्रामपंचायतीचा सही-शिक्का लागतो ना? आपणच लिहून आपणच सही ठोकली तर बँक तो घेईल का? तसंच इथं. असे दाखले देणाऱ्या मान्य संस्थांची यादी फोनमध्ये आधीच असते. सर्व्हरवाल्याने घरचाच दाखला लावला, म्हणजे ‘सेल्फ साइन्ड’ सर्टिफिकेट, तर फोन त्याला अडवतो. हा फोनचा बिघाड नाही, आपली राखण आहे.

मग काय करायचं?

१) फोनची तारीख-वेळ बघा. ती चुकली असेल तर चांगला दाखलाही फोनला मुदत संपलेला वाटतो. सेटिंगमध्ये वेळ ‘आपोआप’ ठेवा.

२) शेजाऱ्याच्या फोनवर त्याचं लॉगिन होतं का विचारा. तुमचं एकट्याचंच अडत असेल तर फोनचं अपडेट बघा. फार जुन्या फोनमधली यादीही जुनी असते. सगळ्यांचंच अडत असेल तर दोष बहुतेक सर्व्हरचा.

३) स्क्रीनशॉट काढून संस्थेच्या सचिवांना पाठवा आणि सांगा, ‘सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासा.’ खर्चाची सबब चालणार नाही. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून मान्य सर्टिफिकेट फुकट देते. फक्त वेळच्या वेळी नूतनीकरण करावं लागतं, तेही आपोआप होण्याची सोय आहे.

आता काय करायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. आमच्या ग्रुपवर लगेच एक फाईल फिरली, ‘हे सर्टिफिकेट टाका, लॉगिन होईल.’ टाकू नका. २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ पासून, आपण हाताने टाकलेलं सर्टिफिकेट बहुतेक अ‍ॅप मानतच नाहीत. म्हणजे फायदा नाही, धोका मात्र आहे. अशी फाईल बनवणारा मधे बसला तर ब्राउझरमधून जाणारे आपले पासवर्ड वाचू शकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं ‘नवीन अ‍ॅप’ही तसंच, अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या. ब्राउझरमध्ये ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं आलं तर तरीही पुढे जाऊन पासवर्ड टाकू नका. चुकून टाकलाच असेल तर दोष दूर झाल्यावर लगेच बदला. पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

आमच्याकडे सर्व्हरवर नीट सर्टिफिकेट बसवलं आणि दुसऱ्या दिवशी जुन्याच पासवर्डने लॉगिन झालं. ज्यांनी चारचारदा बदलला होता, ते मात्र नवा कुठला ठेवला ते आठवत बसले.