कोडं पाठवा, उत्तर नको

१८४५ साली लंडनच्या ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’ या मासिकात एक कोडं छापून आलं आणि तिथले भलेभले डोकं धरून बसले. कोडं हिंदुस्थानातून आलं होतं. पाठवणाऱ्याने नाव कळू दिलं नव्हतं. टोपणनाव तेवढं होतं, ‘शागीर्द’. पुढे उलगडा झाला तो असा की हा शागीर्द म्हणजे दिल्लीत नेमणुकीवर असलेला हेन्री लव्हडे नावाचा पाद्री. मासिकाचा संपादक हॉवर्ड स्टाँटन हा त्या काळातला जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक. त्याच्या दारात एका अनोळखी पाद्र्याने प्रश्न आणून टाकला आणि नाव धारण केलं शिष्याचं! या खोडसाळपणाला दाद द्यावीशी वाटते.

कोड्यातली गंमत अशी. काळ्या राजाला पाऊल टाकायला घर नाही, पण त्याला शहही नाही. काळ्याच्या प्याद्यांच्या चाली संपल्या की स्टेलमेट होऊन डाव बरोबरीत सुटणार. म्हणजे राजाला मारायचं तर आधी त्याला जरा मोकळं सोडायला हवं. पांढरा आपला उंट लांब पटाच्या काठावर नेऊन ठेवतो. पुढे त्या उंटाच्या वाटेत आपलाच हत्ती आणून उभा करतो. पाहणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटतो. पण वाट बुजल्यामुळे काळ्या राजाला एक घर मिळतं आणि नाइलाजाने तो तिथे जातो. मग हत्ती वाटेतून बाजूला होतो. उंटाचा शह, हत्तीचा शह, दोन्ही एकदम, आणि मात. काटेकोर बोलायचं तर या कोड्यात दोष आहेत, दुसऱ्या वाटेनेही ते सुटतं. पण कल्पना इतकी नवी होती की ‘इंडियन प्रॉब्लेम’ हे नाव तिला कायमचं चिकटलं.

हिंदुस्थानातून लंडनला गेलेलं हे पहिलं कोडं मात्र नव्हे. त्याआधी एकतीस वर्षं, १८१४ मध्ये, पेशवाई अजून उभी असताना मुंबईत एक इंग्रजी पुस्तक निघालं होतं. मूळ ग्रंथ संस्कृत, ‘विलासमणिमंजरी’, कर्ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री. हिंदुस्थानी पद्धतीत मुरलेल्या या शास्त्रीबुवांनी आपली कोडी युरोपीय नियमांना जुळवून दिली होती. तीन वर्षांत विल्यम लुईस याने ती लंडनमध्ये पुन्हा छापली. त्याच्याही मागे गेलं तर मूळचं पैठणचं पण काशीत स्थायिक झालेलं भट्ट घराणं भेटतं. त्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘नीतिमयूख’ या राजनीतीवरच्या ग्रंथात बुद्धिबळाला जागा दिली आणि घोड्याने चौसष्ट घरं, एकही घर दोनदा न घेता, कशी फिरावीत हेही सांगितलं. धर्मशास्त्र लिहिणाऱ्या पंडिताला हा प्रश्न नोंदवून ठेवण्याजोगा वाटला, ही गोष्ट लहान नाही.

बुद्धिबळ हा तसा दोघांच्या भांडणाचा खेळ. पण पटावरचं ज्ञान वाढलं ते भांडणातून जितकं, तितकंच या टपालातून. आणि माझं मत असं की त्यात सल्ला देणाऱ्यांपेक्षा प्रश्न पाठवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

दहाव्या शतकातल्या बगदादच्या अस्-सूलीचं उदाहरण घ्या. त्याने एक कोडं मांडून ठेवलं आणि वर मखलाशी केली की मी शिकवल्याशिवाय हे कुणाला सुटणार नाही. हजारएक वर्षांनी, १९८०च्या दशकात, रशियन ग्रँडमास्टर युरी अवेरबाख यांनी त्याचं पूर्ण उत्तर मांडलं. अस्-सूलीने उत्तर लिहून ठेवलं असतं, तर कदाचित कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं.

आता ग्लासगो. १८९५चा मे महिना. बार्बिए नावाचे गृहस्थ तिथल्या एका साप्ताहिकात बुद्धिबळाचं सदर चालवत. त्यांनी एका जुन्या डावाचा शेवट आठवणीतून मांडला, थोडा बदलला आणि लिहिलं की काळा यात बरोबरी साधतो. पांढऱ्याकडे राजा आणि वजीर व्हायला टेकलेलं एक प्यादं, काळ्याकडे राजा आणि हत्ती. काळा हत्ती शहांवर शह देत पांढऱ्या राजाला खाली आणतो आणि शेवटी डी४ वर जाऊन थांबतो. पांढऱ्याने प्याद्याचा वजीर केला की हत्ती सी४ वर येऊन शह देतो. वजिराने हत्ती मारला की काळा राजा ए१च्या कोपऱ्यात कोंडतो, शह नाही, खेळायला चाल नाही. बरोबरी. बार्बिए यांचं म्हणणं बिनतोड दिसत होतं.

याच गावात फर्नांडो सावेद्रा नावाचे स्पॅनिश पाद्री राहत. खेळाडू म्हणून बेताचेच. त्यांनी कळवलं की वजीर करू नका, हत्ती करा. प्यादं आठव्या पट्टीत पोचल्यावर वजीर सोडून हत्ती मागायचा, म्हणजे लॉटरी लागल्यावर अर्धीच रक्कम द्या म्हणण्यासारखं. पण आता सी४चा शह दिला तर पांढरा हत्ती तो मारतो आणि कोंडी होत नाही, बी१चं नाही तरी ए२चं घर राजाला मोकळं असतं. शिवाय ए८ वर जाऊन मात करण्याचा धाक आहे. काळ्याला हत्ती ए४ वर आणून मध्ये घालावाच लागतो. मग पांढरा राजा बी३ वर सरकतो, आणि त्या एका पावलात काळा हत्ती माराखाली येतो आणि सी१ वर मातही लागू होते. दोन्हींना उत्तर नाही. सावेद्रांचं नाव आजही बुद्धिबळाच्या पुस्तकांत आहे ते या एका चालीमुळे. चूक बार्बिए यांनी छापली, ती एका वाचकाने पाहिली आणि त्यांनी ती मोकळेपणाने सदरात घेतली. तिघांपैकी कुणाचंही श्रेय कमी नाही. तिसरा म्हणजे टपाल.

विश्वनाथन आनंद यांच्या लहानपणीची मनिलाची गोष्टही याच जातीची. वडील नोकरीनिमित्त फिलिपिन्सला गेलेले. तिथल्या टीव्हीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागे, त्यात एक कोडं असे, पण आनंद त्या वेळी शाळेत. आई सुशीलाबाई डाव आणि कोडं उतरवून घ्यायच्या. संध्याकाळी मायलेक मिळून सोडवायचे आणि उत्तर धाडायचे. बक्षीस म्हणून पुस्तक मिळे. आनंद इतक्यांदा जिंकले की शेवटी कार्यक्रमवाल्यांनी सांगितलं, हवी तितकी पुस्तकं घेऊन जा, पण आता उत्तरं पाठवू नका. जगज्जेत्याच्या घडणीत प्रशिक्षकांची नावं येतात. दुपारी कागद-पेन्सिल घेऊन बसणारी आई त्याच यादीत वरच्या ओळीत हवी.

आपल्याकडे हे काम घराघरांनी आणि मंडळांनी केलं. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री, रोहिणी या तिन्ही मुली राष्ट्रीय विजेत्या झाल्या. १९७४ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती यांनी जिंकली, तर रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेत्या ठरल्या. घरातच तीन प्रतिस्पर्धी असताना सराव कुठे शोधायचा हा प्रश्नच नव्हता. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना पटापुढे बसवलं. भाग्यश्री साठे (पुढे ठिपसे) त्याच सांगलीच्या.

स्पर्धांतही खरी शाळा भरते ती डाव संपल्यावर. खेळाडू त्याला ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणतात. हरलेला पुन्हा मोहरी मांडतो, “इथे तू घोडा टाकला असतास तर मी मेलो होतो” म्हणतो, आणि जिंकलेला चाट पडतो, कारण ती चाल त्याच्या डोक्यातही आलेली नसते! एकाने तासभर ज्या भुताची भीती बाळगली, ते दुसऱ्याला दिसलंच नव्हतं. हे ज्ञान समोरच्या माणसाकडूनच मिळतं.

डाव चालू असताना मात्र सगळी तोंडं बंद. ऑलिंपियाडमध्ये संघाचा कर्णधारसुद्धा बरोबरी मागावी, स्वीकारावी की डाव सोडावा एवढंच बोलू शकतो. पटावरच्या स्थितीबद्दल अवाक्षर नाही. आपल्या कट्ट्यावरच्या बघ्यांना हा नियम लावला तर निम्मे घरी जातील. पूर्वी डाव तहकूब व्हायचे, पुढची चाल पाकिटात सीलबंद व्हायची आणि रात्रभर दोन्हीकडचे सहायक पट मांडून बसायचे. संगणक आले आणि ती पद्धत मोडीत निघाली. स्पर्धेबाहेरची मदत मात्र टिकून आहे: २०१० मध्ये सोफियात तोपालोवशी जगज्जेतेपदाची लढत खेळताना आनंद यांना तयारीत कास्पारोव, क्रामनिक आणि कार्लसन या तिघांनी हात दिला होता. तिघेही कधी ना कधी त्यांचे प्रतिस्पर्धी!

आता इंजिनाचं, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालीचं काय? नाशिकचे विदित गुजराथी, नागपूरची दिव्या देशमुख हे इंजिनावर तयारी करणाऱ्या पिढीचे. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला गटांतली दोन्ही सुवर्णपदकं घेतली, त्या संघांत हे दोघे होते. दिव्याने २०२५ मध्ये बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला. तेव्हा इंजिनाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय जुन्या कोड्यांतले कितीतरी दोष त्यानेच उघडकीला आणले. माझी तक्रार खेळाडूंच्या सवयीबद्दल आहे. डाव संपतो न संपतो तोच मोबाइल बाहेर येतो, पडद्यावर पांढऱ्याची सरशी सांगणारं ‘अधिक एक पूर्णांक आठ’ उमटतं आणि दोघेही गप्प होतात. निकाल कळला, पण विचारायचं राहून गेलं. सावेद्रांची चाल आज संगणक क्षणात दाखवेल. बार्बिए यांचं चुकलेलं कोडं कुणी छापणारच नाही, आणि मग सावेद्रांना पत्र लिहायचं कारणही उरणार नाही.

दिवाळी अंकांत शब्दकोडं असतं, राशिभविष्य असतं. संपादकांनी अर्धं पान बुद्धिबळाच्या कोड्याला द्यावं. सुरुवात मीच करतो. रिचर्ड रेटीने १९२१ साली रचलेली ही स्थिती, पटावर फक्त चार मोहरी. पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. काळं प्यादं खाली धावतंय आणि पांढरा राजा दोन घरं मागे पडलाय. पांढरं प्यादं काळ्या राजाच्या हाताशी आहे. चाल पांढऱ्याची आणि त्याने बरोबरी साधायची. उत्तर या अंकात कुठेही दिलेलं नाही. मोबाइल बाजूला ठेवा, पट काढा, आणि सुटलं तर उत्तर मला कळवू नका. फराळाला येणाऱ्या पाहुण्यापुढे हेच कोडं मांडा.