परवाना हाती आला, आता मुलाखत!

मयूर विहारमधील एखाद्या मराठी घरात मुलगी वैमानिक व्हायचं म्हणते, तेव्हा आईबाबा आधी खर्च विचारतात. साहजिकच आहे. बारावीला भौतिकशास्त्र व गणित, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान २०० तासांचं उड्डाण झालं, की व्यावसायिक परवाना मिळतो. तोवर डोक्यावर लाखोंचं कर्ज झालेलं असतं. नोकरी मात्र मुलाखतीपलीकडे असते.

त्याआधी बहुधा लेखी व मानसशास्त्रीय चाचणी होते, कधी सिम्युलेटरवरही बसवतात. मुलाखतीतला नेहमीचा प्रश्न पाहा: व्ही-वन वेग ओलांडल्यावर एक इंजिन बंद पडलं तर? ‘उड्डाण चालू ठेवायचं,’ हे सगळेच सांगतात. ‘का?’ म्हटलं की काही जण अडखळतात. उरलेल्या धावपट्टीत विमान थांबेल याची खात्री नसते, म्हणून!

लॉगबुकमधली प्रत्येक नोंद खरी हवी आणि ती समजावून सांगता यायला हवी. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक पकडले गेले होते.

‘मुलीला जमेल का?’ असं आजी विचारतीलच. त्यांना कॅप्टन सौदामिनी देशमुखांबद्दल सांगा. १९८५ मध्ये त्यांनी व निवेदिता भसीन यांनी इंडियन एअरलाइन्सचं फॉकर विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं, तेव्हा विमानातले सर्व कर्मचारी महिलाच होत्या.

तयारीसाठी रोज रात्री जेवणानंतर बाबांनी दोन प्रश्न विचारावेत. त्यांना विमानातलं काही कळत नसेल तर उत्तमच. त्यांना समजेपर्यंत तिने सांगत राहावं.