खरखरीवरचं औषध

पावसाळा लागला की आमच्या खांदेश्वरला दोन गोष्टी ठरलेल्या. भिंतींना ओल येते आणि रेडिओचं आवाजाचं बटण खरखरू लागतं. पनवेलची खाडी इथून फार लांब नाही. हवा दमट, खारी. ओहोटीला चिखलातून सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. घरातली चांदी ज्यानं काळी पडते, त्यानंच अ‍ॅम्प्लिफायरच्या स्विचांमधला चांदीचा मुलामाही काळवंडतो. मग वीज अडखळते, आणि ते आपल्याला ऐकू येतं.

मी कवी माणूस, शिक्षण बी. ए. विज्ञानाशी संबंध शाळेपुरता. तरी बोलतोय, कारण या बाबतीत एक चूक माझ्या हातून झाली आहे. आमच्या अब्बांचा एक जुना ट्रान्झिस्टर. त्यांची नजर अधू झाली होती, पण काटा किती फिरवला की मुंबई लागते हे बोटांना पाठ होतं. बटण खरखरायला लागलं तेव्हा मी लेकीची नेलपॉलिश काढायची बाटली उचलली. त्यात अ‍ॅसिटोन असतं. एक ओघळ डायलवर आला. प्लास्टिक दुधाळ झालं, आणि घाईघाईनं पुसायला गेलो तर आकडेही बोळ्यावर उतरले. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांना डायल तसाही दिसत नव्हता. मला दिसत होता.

त्यानंतर हार्बरची लोकल पकडून लॅमिंग्टन रोडच्या खेपा सुरू झाल्या. कागदोपत्री तो भडकमकर मार्ग. पण रेडिओचा सुटा भाग शोधणारा माणूस लॅमिंग्टन रोडच म्हणतो. तिथं कॉन्टॅक्ट क्लीनरचे दहा डबे समोर ठेवतात. निवडायचा कुठला? मी आता एवढंच विचारतो : हा उडून गेल्यावर मागे काय ठेवतो?

आवाजाच्या बटणाखाली कार्बनचा नालासारखा वाकलेला पट्टा असतो आणि त्यावर धातूची जीभ घासत फिरते. मध्ये मळ साचला की खरखर. इथं नुसता उडून जाणारा कोरडा द्रव मारला, तर मळाबरोबर कारखान्यात भरलेलं वंगणही धुऊन जातं. बटण रुक्ष फिरतं, पट्टा लवकर झिजतो. म्हणून इथं वंगणाचा पातळ थर ठेवणारा क्लीनर हवा. अमेरिकेतल्या केग कंपनीच्या डीऑक्सिटमध्ये तर कार्बनच्या पट्ट्यांसाठी वेगळा, ‘एफ’ अक्षराचा प्रकारच आहे. महाग पडतो, पण दोन-चार थेंबांचं काम असतं.

कॅसेटच्या हेडचं नेमकं उलट. तिथं मागे काहीच उरता कामा नये, नाहीतर धूळ चिकटते आणि टेपही खराब होते. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही 99 टक्क्यांचं. औषधाच्या दुकानातल्या 70 टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं बहुतेक पाणीच. 2020 च्या साथीनंतर घरोघरी सॅनिटायझर उरलं होतं, ते मात्र वापरू नका. हाताची कातडी सुकू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घातलेलं असतं. गंजलेले नट सोडवायचे तेलकट फवारे बिजागरीला ठीक. पॉलिश पेपरनं स्विच घासणं तर नकोच, चांदीचा मुलामाच निघून जातो.

जुने मेकॅनिक ‘मारा फवारा बिनधास्त’ म्हणतात, त्यालाही कारण आहे. त्यांच्या काळी क्लीनरमध्ये सीएफसी-113 असे. ते पेट घेत नसे, बहुतेक प्लास्टिकला त्रासही देत नसे. पण वर जाऊन ओझोनचा थर खाई. 1987 च्या माँट्रियल करारानं त्यावर बंधनं आली, भारत त्यात 1992 साली सामील झाला आणि 2010 च्या सुरुवातीला आपल्याकडे ते बंद झालं. यकृताला घातक असलेलं कार्बन टेट्राक्लोराइडही तेव्हाच गेलं. गोडसर वासाची जुनी बाटली कुणी काढली तर हात लावू नका. आजचे बरेच डबे ज्वालाग्राही असतात, काही प्लास्टिक खातात. डब्यावर ‘प्लास्टिकला सुरक्षित’ लिहिलेलं पाहा. प्लग काढा, खिडकी उघडा, फवारल्यावर बटण वीस-पंचवीस वेळा फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर आत हात घालू नका. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर जोरदार झटका देतात.

एवढं करूनही खरखर राहिली तर? पट्टा झिजला असेल, किंवा एखादा कपॅसिटर गळका झाला असेल. कपॅसिटरनं थोपवून धरायची एकदिश वीज अशा वेळी बटणापर्यंत झिरपते, आणि ते स्वच्छ असलं तरी फिरवताना खरखरतं. तिथं कुठलाच डबा चालत नाही.

अब्बांच्या रेडिओचं तेच निघालं. पनवेलच्या मेकॅनिकनं कपॅसिटर बदलला, दोन चहांच्या पैशात. बटण तर साफच होतं, म्हणाला.